'देवाने सोडवले' असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा?

जास्वंद

माझे यजमान गेल्या वर्षी श्रावणात गेले. सात महिन्यांचे आजारपण होते आणि त्यातले शेवटचे २८ दिवस परळच्या एका रुग्णालयात गेले. मुलुंडहून रोजची ये-जा झेपेनाशी झाली तेव्हा मी तिथेच बाकावर झोपू लागले. हे सहानुभूतीसाठी सांगत नाही. तेराव्या दिवशी घरी जमलेल्या माणसांच्या तोंडून जे ऐकले ते वर्षभर मनात सलते आहे, आणि त्याविषयी श्रद्धाळू आणि अश्रद्ध अशा दोन्ही बाजूंच्या लोकांशी मोकळेपणाने बोलावे, एवढाच हेतू आहे.

"देवाने सोडवले हो त्यांना", "त्याची करुणाच म्हणायची, फार हाल होऊ दिले नाहीत", अशी वाक्ये त्या दिवशी दर दहा मिनिटांनी कानांवर पडत होती. हाल झाले नाहीत असे सांगणाऱ्या बाई त्या २८ दिवसांत एकदाही फिरकल्या नव्हत्या. पण ते असो. आमचे मोठे दीर माळकरी आहेत आणि त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. त्यांनीही सगळ्यांसमोर तुकोबांचा दाखला दिला: "बरे झाले देवा निघाले दिवाळे, बरी या दुष्काळे पीडा केली." एवढे म्हणून ते थांबले आणि माझे काही ऐकून न घेता उठून गॅलरीत गेले. मला त्या क्षणी इतका राग आला की हातातली पेल्यांची थाळी मी ओट्यावर आदळली.

राग तुकोबांवर नव्हता. १६३० च्या सुमाराच्या त्या दुष्काळात त्यांचे दुकान बुडाले, मान गेला, पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. "स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली" हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे, आणि कसलाही मुलामा न देता लिहिले आहे. ज्याने ती भूक पाहिली तो पुढे कधी तरी "बरे झाले" म्हणतो, तेव्हा ते शब्द त्याने आपल्या किमतीने विकत घेतलेले असतात. तेच शब्द दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या तेराव्याला, फुकट कसे वापरता येतील? माझे म्हणणे इतकेच आहे की दुःख ज्याचे, "बरे झाले" म्हणण्याचा अधिकार त्याचाच. आणि त्याने तो कधीच वापरला नाही तरी त्याची भक्ती उणी ठरू नये. जनाबाईने तर अंगणात उभे राहून "अरे विठ्या, अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या" अशा शिव्या घातल्या, आणि आपल्या परंपरेने त्या अभंग म्हणून जपल्या.

आता दुसरी बाजू, कारण मी देव सोडलेला नाही. अठ्ठाविसाव्या दिवशी पहाटे पावणेपाचला ते गेले. मुलगा पुण्याहून निघाला होता आणि वॉर्डात मी एकटीच होते. मला पडद्याबाहेर बसवून परिचारिका आणि आयाबाई आत त्यांची आवराआवर करत होत्या. थोड्या वेळाने आयाबाईंनी पडद्यातून डोके बाहेर काढले, हातात कंगवा होता, आणि हळू आवाजात विचारले, "ताई, साहेब भांग कुठल्या बाजूला पाडायचे?" केमोनंतर त्यांचे केस इतके विरळ झाले होते की भांग पाडण्याजोगे फारसे काही उरलेच नव्हते. शिवाय मला क्षणभर आठवेना. तीस वर्षे पाहिलेला भांग, पण समोरून पाहिलेला, त्यामुळे डावे-उजवे उलटसुलट होत होते. शेवटी मी स्वतःच्या डोक्यावर हात फिरवून बाजू नक्की केली आणि म्हटले, "डावीकडे." त्यांनी मान हलवली आणि पडदा ओढून घेतला.

सात महिन्यांत ज्या देवाला मी शोधत होते तो मला कुठे जाणवला असेल, तर त्या प्रश्नात. कर्करोगात नाही, सुटकेतही नाही. आपल्या भाषेत देव करुणा करतो आणि माणूस करुणा भाकतो. रामदासांच्या करुणाष्टकांतली करुणा ही हाक मारणाऱ्याची आहे. २८ दिवस मी भाकलेली करुणा आणि कंगवा हातात घेतलेल्या त्या अनोळखी बाईंची करुणा या एकाच धाग्याची दोन टोके आहेत, असे मला वाटते. इथल्या मंडळींना हे पटते का, आणि पटत नसेल तर का नाही?

तर्कट

ताई, आपल्या दुःखाविषयी आदर राखून लिहितो, कारण आपण विरोधी मत स्पष्टपणे मागितले आहे. आपल्या लेखाचा पहिला अर्धा भाग मला शंभर टक्के मान्य आहे. दुसऱ्या अर्ध्यात मात्र आपण तेच केले आहे ज्याबद्दल नातेवाइकांना दोष देता. फक्त अधिक सुंदर भाषेत केले आहे.

भांग कुठला हे विचारले ते त्या आयाबाईंनी. त्या बहुधा कंत्राटी असतील, बारा तासांची पाळी संपत आली असेल, आणि सहाची लोकल पकडून कल्याण किंवा विरारच्या पुढे जायचे असेल. इतके असूनही त्यांना एका मृत माणसाचा भांग नीट पडावा असे वाटले, ही त्यांची थोरवी आहे. आपण मात्र ती त्यांच्याकडून काढून एका अदृश्य मालकाच्या नावावर जमा करता. मी आयुष्यभर हिशेब तपासण्याचे काम केले. जमेच्या नोंदी देवाच्या खात्यात आणि खर्चाच्या नोंदी नशिबाच्या खात्यात, अशी वही माझ्यासमोर आली असती तर मी सही केली नसती. त्या पहाटेचा कंगवा देवाचा असेल, तर आधीच्या २८ रात्रींच्या वेदनाही त्याच वहीत लिहाव्या लागतील.

ज्या परळमध्ये आपण ते दिवस काढलेत तिथेच हाफकिन संस्था आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा या शहराने नवस, होमहवन आणि उतारे काही कमी केले नसतील. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका प्रयोगशाळेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. करुणा म्हणून मला जे दाखवता येते ते हे आहे. इथे माणसे आहेत, त्यांच्या कृती आहेत आणि तारखाही आहेत. यात आणखी कोणाला आणून बसवण्याची गरज मला तरी दिसत नाही.

अधिकमास

'तर्कट' यांनी मांडलेला आक्षेप नवा नाही, आणि तो आपल्या शास्त्रकारांना सुचलाच नव्हता अशा समजुतीत कोणी राहू नये. देवाने सृष्टी केली असेल तर एकाला सुख आणि एकाला दुःख देणारा तो पक्षपाती ठरतो, आणि दुःख देतो म्हणून निर्दयही ठरतो, हा पूर्वपक्ष ब्रह्मसूत्रांतच आहे. "वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात्" हे दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादातले सूत्र त्याचेच उत्तर आहे: ईश्वर प्राण्यांच्या कर्माच्या अपेक्षेने फळ देतो, म्हणून त्याच्यावर हे दोन्ही दोष येत नाहीत. शंकराचार्यांनी भाष्यात पर्जन्याचा दृष्टान्त दिला आहे. पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो. एका ठिकाणी साळी उगवते आणि दुसऱ्या ठिकाणी जव, तो फरक बियाण्याचा असतो.

'जास्वंद' यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की प्रारब्ध भोगून संपते, आणि ते संपवण्यासाठी मिळालेली सोबत हीच ईश्वराची करुणा होय. कुंतीने तर श्रीकृष्णाकडे विपत्तीच मागितल्या, कारण विपत्तीत त्याचे दर्शन घडत होते. आपल्या दिरांनी जो अभंग म्हटला तो याच जातीचा आहे. त्यामागचा भाव समजून घ्यावा.

तर्कट

सूत्र उत्तम आहे आणि पूर्वपक्ष मांडण्याचा प्रामाणिकपणा त्याहून उत्तम आहे, हे मनापासून सांगतो. परंतु या उत्तराने देव आरोपातून सुटला, तरी करुणा हातची गेली. प्रत्येकाला ज्याचे त्याचे बियाणेच उगवून मिळणार असेल, तर पाऊस दयाळू कसा? तो केवळ पाऊस आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडलेला आम्ही पाहिला आहे. त्या दिवशी कलिन्यात गळ्यापर्यंतच्या पाण्यातून दोर धरून आम्हाला ज्यांनी बाहेर काढले ती वस्तीतली पोरे होती. दृष्टान्ताबद्दल मुंबईकराला विचारायचे असेल तर जरा जपून विचारावे.

आणि ताईंच्या यजमानांना कर्करोग होण्याजोगे त्यांचे बियाणे कोणते होते, हे त्यांच्या पत्नीच्या तोंडावर सुचवण्याचे धाडस निदान या धाग्यावर तरी कोणी करू नये.

अधिकमास

तसे सुचवण्याचा हेतू नव्हता. तसे ध्वनित झाले असल्यास क्षमस्व. सिद्धान्तावर मात्र मी ठाम आहे.

वसईकर

मी ख्रिस्ती आहे, वसईकडचा, सध्या मुक्काम दहिसर. 'अधिकमास' यांनी जे उत्तर दिले ते आमच्या पवित्र शास्त्रातही आहे, फक्त तिथे ते चुकीचे ठरवलेले आहे, म्हणून लिहितो.

ईयोब नावाच्या नीतिमान माणसाची गुरे, नोकरचाकर, मुले आणि शेवटी प्रकृती एकापाठोपाठ एक जाते. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तीन मित्र त्याच्या सांत्वनासाठी येतात. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्यासोबत जमिनीवर नुसते बसून राहतात. त्याचे दुःख इतके मोठे आहे हे पाहून कोणी त्याच्याशी चकार शब्द काढत नाही. माझ्या मते संपूर्ण ग्रंथात त्या तिघांनी केलेली ही एकमेव योग्य गोष्ट आहे. आठव्या दिवसापासून ते बोलू लागतात आणि सगळे बिघडते. तुझे काही तरी चुकले असेल, देव अन्याय करत नाही, पश्चात्ताप कर, असे अध्यायामागून अध्याय चालते. ईयोब मात्र देवाला न्यायालयात खेचण्याची भाषा करतो, जन्माला आलो तो दिवस जळो म्हणतो. शेवटी देव कोणावर रागावतो? त्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत, असे तो अलीफजला सुनावतो. देवाची वकिली करणारे हरले आणि देवाशी भांडणारा खरा ठरला, हे मला 'जास्वंद' यांच्या जनाबाईच्या फार जवळचे वाटते.

'तर्कट' यांच्याशी मात्र माझे पटत नाही. खर्चाची नोंद देवाच्या नावावर करण्याची त्यांची मागणी आम्हाला मान्यच आहे. आमच्या देवाच्या नावावर ती वधस्तंभावर झाली. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे येशूचे उद्गार आहेत, आणि त्या हाकेला वरून कोणताही आवाज आला नाही. लाजराच्या कबरेपाशी, थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही, तो आधी रडला. म्हणून आमच्यासाठी करुणा म्हणजे दुःखाचा खुलासा करणारा देव नव्हे, तर दुःखात उतरलेला देव.

हे सगळे आचरणात कसे दिसते, तेही प्रामाणिकपणे सांगतो. वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळे आणि मेणाची घरेही विकत मिळतात. ज्याचे जे दुखते ते वाहायचे. तरुणपणी मला याची लाज वाटत असे. आईच्या गुडघ्यांसाठी पहिल्यांदा मेणाचा पाय घेतला, तेव्हा तो उन्हाने हातात मऊ झाला आणि त्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटले. गुडघे बरे झाले नाहीत. आई म्हणाली, "आणलास ना, मग झाले."

नायगावचा पिंपळ

वसईकरांचे निवेदन आवडले, तरी त्यांचा आणि ताईंचा देव मला दोन्ही ठिकाणी अनावश्यक वाटतो. मी बौद्ध कुटुंबात वाढलो. आमच्याकडे करुणा हा शब्द मेत्ता, मुदिता आणि उपेक्खा यांच्या सोबतीने येतो, आणि ती माणसाने आपल्या चित्तात वाढवायची गोष्ट आहे. ती वरून येण्याची वाट पाहायची नसते.

किसा गौतमीची कथा इथे अनेकांना ठाऊक असेल. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या त्या बाईला तथागतांनी सांगितले की ज्या घरात कधीच कोणी मेलेले नाही अशा घरातून मोहरीचे दाणे आण. तिला मोहरी घरोघरी मिळाली, तसे घर मिळाले नाही. लोक ही कथा अनित्यतेची म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरेच दिसते: प्रत्येक उंबरठ्यावर कोणी तरी तिला थांबवून आपल्या घरात कोण गेले ते सांगितले असणार. प्रवचनाने जे झाले नसते ते त्या दारोदारच्या बोलण्याने झाले. आज आपण सगळे या धाग्यावर तेच तर करत आहोत.

आणि पंढरपूर, जनाबाई यांचा उल्लेख झालाच आहे तर चोखोबांनाही विसरू नये. त्यांनी आयुष्यभर त्या करुणाकराची करुणा भाकली. वाट्याला मंदिराबाहेरची जागा आली, आणि मरण मंगळवेढ्याच्या पडलेल्या भिंतीखाली आले. माता रमाईंना पंढरपूरला जायची इच्छा होती. जे पंढरपूर आपल्या भक्ताला दुरूनच परत पाठवते तिथे कशाला जायचे, आपण आपल्या सेवेने आणि त्यागाने दुसरे पंढरपूर उभारू, अशा अर्थाची समजूत बाबासाहेबांनी घातल्याचे त्यांच्या चरित्रात येते. या दाम्पत्याने पाच मुलांपैकी चार मुले गमावली होती. रमाई २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात गेल्या, आणि पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले होण्यासाठी त्यानंतर १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले. देवाची करुणा इतक्या उशिरा का पोहोचते, आणि प्रत्येक वेळी माणसानेच दार का उघडावे लागते, हा माझा प्रश्न आहे. गाडगेबाबांना तो नेमका कळला होता, असे मला वाटते. त्यांनी देवळे बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती दिली.

वसईकर

गाडगेबाबा हे उदाहरण मात्र अर्धेच तुमच्या बाजूचे आहे, पिंपळराव. खराटा हातात असला तरी कीर्तनात "गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला" हाच गजर ते करत असत. दादर पूर्वेला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे गावाकडून आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसे उतरतात. आमच्या शेजाऱ्यांना तिथेच आसरा मिळाला होता. ती देवासाठी बांधली की देवाऐवजी बांधली, हे तिथे उतरणाऱ्याला ठरवू द्यावे.

उशिरा आलेला

सगळे प्रतिसाद वाचले. माझी मुलगी सहा वर्षांची होती. तीन वर्षे झाली. मला भांग विचारणारे कोणी भेटले नाही, मेणाचा पाय नाही, मोहरी नाही. देवाला शिव्या द्याव्यात इतकाही तो जवळ वाटत नाही. आपल्यापैकी ज्यांना काही तरी सापडले त्यांचे मी वाईट चिंतत नाही, परंतु या चर्चेत ज्याला काहीच सापडले नाही त्याच्यासाठी एकही वाक्य नाही, हे नोंदवून ठेवतो.

जास्वंद

आपण म्हणता ते खरे आहे. माझ्याकडेही ते वाक्य नाही. वसईकरांच्या त्या तिघा मित्रांसारखे पहिले सात दिवस आपल्याजवळ नुसते बसता आले असते तर बसले असते.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. १९ वर्षे झाली, त्यातली बहुतेक वर्षे रात्रपाळीची. 'जास्वंद' यांचे रुग्णालय माझे नव्हे, पण पडद्याआडच्या ज्या अर्ध्या-पाऊण तासाबद्दल इथे इतके लिहिले गेले तो मी अनेकदा आतून पाहिला आहे, म्हणून लिहिते.

डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला की आम्ही सुया आणि नळ्या काढतो, जखमेवर कोरडी पट्टी लावतो, डोळे मिटून थोडा वेळ बोटांनी धरून ठेवतो, हनुवटीखालून पट्टी बांधतो, पायांचे अंगठे एकत्र बांधतो, अंग पुसतो, स्वच्छ चादर घालतो, नावाची चिठ्ठी लावतो. केस विंचरणे कुठल्याही यादीत लिहिलेले नसते, पण माझ्यासोबत काम केलेल्या बहुतेक मावश्यांनी ते केले आहे. त्याचे कारण असे की पडदा उघडल्यावर घरच्या माणसांची पहिली नजर चेहऱ्यावर जाते आणि ती नजर त्यांच्याजवळ कायमची राहते. त्या वेळी माझ्या मनात देव नसतो, हे मी 'जास्वंद' यांना सांगते. बारा नंबरची सलाइन संपली असेल, हे मनात असते. आणि 'तर्कट' यांना सांगते की पगारही मनात नसतो. एका मावशींना मी एकदा विचारले होते की तुम्ही प्रेतांशी बोलत बोलत काम का करता. "बाबा, कूस बदलते हां", असे त्या म्हणत असत. त्या म्हणाल्या, "न सांगता हात लावला तर घाबरतील." याला श्रद्धा म्हणायचे, सवय म्हणायचे की शहाणपण, हे तुम्ही सगळे मिळून ठरवा. मी त्यांच्याकडून ती पद्धत उचलली आहे एवढेच.

मला खरा आक्षेप घ्यायचा आहे तो 'जास्वंद' यांच्या नियमावर. दुःख ज्याचे, "बरे झाले" म्हणण्याचा अधिकार त्याचा, हे ऐकायला न्याय्य आहे. परंतु दुःख कोणाचे, हे कोण ठरवणार? वॉर्डाच्या दाराशी "देवाने सोडवले" म्हणणारी माणसे मी वर्षानुवर्षे पाहते आहे. त्यांतली काही नुसतीच बोलघेवडी असतात, हे कबूल. पण बरीचशी ते वाक्य स्वतःच्या कानांना ऐकवत असतात, कारण ते म्हटले नाही तर पाय पुढे टाकता येत नाही. ताई, आपल्या मोठ्या दिरांनी अभंग दुसऱ्याच्या तेराव्याला फुकट वापरला, असे आपण लिहिले आहे. ते तेरावे दुसऱ्याचे नव्हते. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ गेला होता.

अधिकमास

'रात्रपाळी' यांनी मला जे मांडता आले नाही ते मांडले.

तर्कट

शेवटचा मुद्दा मान्य. कंगव्याची नोंद आयाबाईंच्याच नावावर राहावी, हा माझा आग्रह कायम आहे, आणि "घाबरतील" म्हणणाऱ्या मावशींची नोंदही त्यांच्याच नावावर. देवाचा पुरावा मला या धाग्यात अजून मिळालेला नाही. तो मिळवायला मी आलोही नव्हतो, हे आता कबूल करतो. माझी पत्नी जाऊन चार वर्षे झाली आणि तिचा भांग कुठल्या बाजूला असे, हे कालपासून आठवण्याचा प्रयत्न करतो आहे. फोटो पाहून चालत नाही, आरशापुढे काढलेल्या फोटोंमध्ये बाजू उलटी येते.

जास्वंद

'रात्रपाळी' यांचा प्रतिसाद काल दुपारी वाचला आणि तेव्हापासून उत्तर लिहायला बसते आहे. नियमाबद्दल मला वाद घालता येईल. बोलघेवड्या माणसांचे काय, असे विचारता येईल. देव आणि आयाबाई यांची वाटणी करणेही मला मान्य नाही, 'तर्कट', ते पुन्हा कधी तरी सविस्तर लिहीन.

परंतु दादांविषयी आपण जे म्हणालात त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी त्यांना वर्षभर सांत्वन करायला आलेल्या पाहुण्यांच्या रांगेत बसवले होते. यांच्यापेक्षा ते अकरा वर्षांनी मोठे आहेत, आणि सायकलच्या नळीवर बसवून यांना शाळेत त्यांनीच सोडलेले आहे. तो अभंग त्यांना पूर्ण पाठ आहे. वारीत ते पुढे उभे राहून म्हणतात. त्या दिवशी मात्र दोनच चरण म्हणून ते थांबले. मला वाटले होते की माझ्या पुरते तेवढे पुरेसे आहे असे त्यांनी ठरवले असावे. गॅलरीत ते बराच वेळ पाठमोरे उभे होते आणि चहा घेऊन गेलेल्या माझ्या मुलाला त्यांनी हातानेच नको म्हटले होते. पुढचे चरण त्यांना का म्हणता आले नाहीत, हे मी अजून विचारलेले नाही.